मार्टिन कोल्स हारमन

मार्टिन कोल्स हारमन (१८८५ – ५ डिसेंबर १९५४) हे इंग्लंडमधील वित्तव्यावसायिक आणि ब्रिस्टल खाडीच्या मुखाशी असलेल्या लंडी या बेटाचे मालक होते. १९२९ मध्ये त्यांनी या बेटासाठी 'पफिन' आणि 'अर्धा पफिन' अशी दोन काशाची नाणी स्वतःच्या मुखचित्रासह पाडून घेतली आणि त्याच वर्षी बेटाची खाजगी टपाल तिकिटेही सुरू केली. नाण्यांमुळे त्यांच्यावर खटला होऊन १९३१ मध्ये ते अपिलात हरले; तिकिटे मात्र टिकून राहिली. चलन काढण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाच्या चर्चेत आणि नाणेसंग्राहकांच्या वर्तुळात त्यांचे नाव आजही घेतले जाते. दुसऱ्या महायुद्धात नागालँडमधील कोहिमा येथे धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी जॉन पेनिंग्टन हारमन हे त्यांचे ज्येष्ठ पुत्र होत.

प्रारंभिक जीवन व व्यवसाय

हारमन यांनी वयाच्या सोळाव्या वर्षी लंडनमधील लाझार्ड ब्रदर्स या पेढीत कनिष्ठ कारकून म्हणून नोकरी धरली. घरची मोठी संपत्ती किंवा उच्च शिक्षण यांचे पाठबळ नसताना त्यांनी समभाग, कंपन्यांची उभारणी आणि त्यांचे एकत्रीकरण या व्यवहारांत गती मिळवली. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीच्या काळात लंडनच्या वित्तबाजारात त्यांचे नाव झाले आणि अनेक कंपन्यांच्या संचालक मंडळांवर त्यांनी स्थान मिळवले. कोरियातील सोन्याच्या खाणींशी संबंधित असलेली चोसेन कॉर्पोरेशन ही त्यांपैकी एक होय. पुढे हीच कंपनी त्यांच्या पतनास कारणीभूत ठरली.

१९०३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी लंडी बेटाला पहिली भेट दिली. या भेटीनंतर बेट विकत घेण्याची इच्छा त्यांच्या मनात रुजली असे सांगितले जाते. ती पूर्ण होण्यास वीसहून अधिक वर्षे लागली. ॲमी रूथ बॉजर या त्यांच्या पत्नी होत. या दांपत्याला जॉन व ॲल्बियन हे पुत्र आणि रूथ व डायना या कन्या अशी चार अपत्ये होती.

लंडी बेट

लंडी हे डेव्हनच्या किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर अंतरावर असलेले ग्रॅनाइट खडकाचे बेट आहे. त्याची लांबी सुमारे ५ किलोमीटर असून रुंदी जेमतेम एक किलोमीटर आहे. किनाऱ्यावर उंच कडे आणि माथ्यावर वाऱ्याला उघडे पठार असल्याने तेथे वस्ती कायम तुरळक राहिली. बेटाचे नाव जुन्या नॉर्स भाषेतील असून त्याचा अर्थ पफिनचे बेट असा केला जातो. पफिन हा काळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा आणि विणीच्या हंगामात रंगीबेरंगी चोचीचा समुद्रपक्षी आहे. तो कड्यांवरील मातीत बिळे करून अंडी घालतो.

मध्ययुगात हे बेट मॅरिस्को घराण्याकडे होते. नंतर चाच्यांनी वेळोवेळी त्याचा आसरा घेतला. एकोणिसाव्या शतकात ते हेवन कुटुंबाकडे आले. या आडनावाचा इंग्रजी अर्थ स्वर्ग असल्याने बेटाला थट्टेने स्वर्गाचे राज्य म्हटले जाई. १९१८ मध्ये हेवन कुटुंबाकडून ते ऑगस्टस लँगहॅम क्रिस्टी यांनी घेतले. १९२५ मध्ये हारमन यांनी क्रिस्टी यांच्याकडून १६,००० पौंडांना बेट विकत घेतले. या व्यवहारात मुख्य भूमीशी दळणवळण ठेवणारी 'लेरिना' ही बोटही त्यांच्याकडे आली. बेटाचा दैनंदिन कारभार १९२६ पासून फेलिक्स गेड पाहू लागले आणि पुढील अनेक दशके ते तेथेच राहिले.

लंडीचे स्थान कायद्याच्या दृष्टीने संदिग्ध राहिले होते. तेथील रहिवासी मुख्य भूमीप्रमाणे कर भरत नसत. पोलीस ठाणे किंवा न्यायालय बेटावर नव्हते. दूर अंतर, लहान वस्ती आणि प्रशासनाची उदासीनता यांतून निर्माण झालेल्या या स्थितीला हारमन यांनी तात्त्विक रूप दिले. इंग्लंडच्या राजाविषयी आपली निष्ठा आहे, परंतु बेटाच्या अंतर्गत कारभारात ब्रिटिश शासनाचा संबंध नाही, अशी त्यांची भूमिका होती. लंडी हे एक चिमुकले स्वयंशासित राज्य आहे असे ते मानत. वृत्तपत्रांनी त्यांना लंडीचा राजा ही उपाधी दिली.

टपाल सेवा

१९२७ च्या अखेरीस ब्रिटिश टपाल खात्याने बेटावरील कार्यालय बंद केले. त्यानंतर बेटावरील टपाल मुख्य भूमीवर पोहोचवणे आणि तेथून आणणे ही जबाबदारी हारमन यांनी स्वखर्चाने उचलली. सुमारे दोन वर्षे ही सेवा विनामूल्य चालली. खर्च भरून काढण्यासाठी १ नोव्हेंबर १९२९ रोजी त्यांनी दोन तिकिटे प्रसृत केली : अर्ध्या पफिनचे गुलाबी आणि एका पफिनचे निळे. एक पफिन म्हणजे एक ब्रिटिश पेनी असा दर ठरवण्यात आला.

या तिकिटांचे मूल्य बेटापासून मुख्य भूमीपर्यंतच्या वाहतुकीपुरतेच होते. पुढील प्रवासासाठी पत्रावर नेहमीचे ब्रिटिश तिकीट लावावेच लागे. त्यामुळे राष्ट्रीय टपाल सेवेचा महसूल बुडत नव्हता. पाठवणारा दोन वेगळ्या सेवांचे दोन आकार देत होता. लंडीच्या तिकिटांना दीर्घायुष्य लाभले त्यामागे ही रचना होती. पुढे अधिक मूल्यांची आणि हवाई टपालाची तिकिटेही निघाली आणि जगभरच्या संग्राहकांकडून त्यांना मागणी येऊ लागली.

पफिन नाणी

तिकिटांबरोबरच १९२९ मध्ये नाणी आली. बर्मिंगहॅम येथील खाजगी टांकसाळीत ती पाडण्यात आली. पफिन आणि अर्धा पफिन यांची प्रत्येकी ५०,००० नाणी तयार झाली. दोन्ही काशाची होती आणि आकाराने अनुक्रमे ब्रिटिश पेनी व अर्ध्या पेनीच्या जवळपास होती. पुढील बाजूस हारमन यांचे मुखचित्र व नाव होते. मागील बाजूस पफिनवर पूर्ण पक्षी आणि अर्ध्या पफिनवर केवळ त्याचे डोके कोरलेले होते. अर्ध्या मूल्यासाठी अर्धा पक्षी, ही कल्पना लोकांच्या विशेष पसंतीस उतरली. कडेवर लंडी प्रकाश देते व वाट दाखवते अशा आशयाचे बेटाचे ब्रीद होते. त्यात बेटावरील दीपगृहांचा संदर्भ आहे.

एका पौंडाचे २४० पेन्स होत असल्याने या सर्व नाण्यांचे एकत्रित दर्शनी मूल्य सुमारे ३१२ पौंड १० शिलिंग इतकेच भरते. राष्ट्रीय चलनव्यवस्थेच्या तुलनेत ही रक्कम नगण्य होती. बेटावरील खानावळीत आणि दुकानात ही नाणी ब्रिटिश नाण्यांबरोबर चालत. उन्हाळ्यात बोटीने येणारे प्रवासी सुट्या पैशांत मिळालेली नाणी आठवण म्हणून घरी नेत. असे घरी नेलेले नाणे परत करून कोणी त्याच्या मोबदल्यात पेनी मागत नसे. नाणे पाडण्याचा खर्च आणि त्याचे दर्शनी मूल्य यांतील फरक नाणे काढणाऱ्याच्या पदरात पडतो. एरवी हा लाभ राज्याच्या तिजोरीत जमा होतो. लंडीवर तो बेटाच्या मालकाकडे जात होता. वादाचे मूळ येथेच होते.

खटला

ब्रिटनमध्ये खाजगी नाण्यांची परंपरा जुनी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस तांब्याच्या सुट्या नाण्यांची टंचाई झाली, तेव्हा कारखानदार व व्यापाऱ्यांनी स्वतःच्या नावाची नाणी मोठ्या प्रमाणावर काढली आणि ती व्यवहारात चालली. एकोणिसाव्या शतकात मात्र शासनाने हा अधिकार स्वतःकडे घेतला. १८७० च्या नाणे कायद्याच्या पाचव्या कलमानुसार शाही टांकसाळीव्यतिरिक्त कोणालाही नाणे म्हणून किंवा पैशाचे प्रतीक म्हणून धातूचा तुकडा बनवणे अथवा प्रसृत करणे निषिद्ध झाले. अशा अपराधासाठी २० पौंडांपर्यंत दंडाची तरतूद होती.

याच कलमाखाली १९३० मध्ये डेव्हनच्या पोलिसांनी हारमन यांच्याविरुद्ध कारवाई केली. बिडफर्ड येथील दंडाधिकाऱ्यांसमोर हारमन यांनी नाणी काढल्याचे नाकारले नाही. त्यांचा आक्षेप अधिकारक्षेत्राला होता. लंडी हे ब्रिटिश न्यायालयांच्या कक्षेबाहेर आहे, तेथे हा कायदा लागू होत नाही आणि म्हणून त्या न्यायालयाला आपला न्याय करता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. दंडाधिकाऱ्यांनी तो फेटाळला आणि त्यांना ५ पौंड दंड व १५ गिनी खर्च भरण्याचा आदेश दिला.

हारमन यांनी वरच्या न्यायालयात अपील केले. 'हारमन विरुद्ध बोल्ट' या नावाने ओळखला जाणारा हा खटला जानेवारी १९३१ मध्ये किंग्ज बेंच न्यायालयापुढे चालला. पाच पौंडांच्या दंडासाठी सरकारच्या वतीने खुद्द ॲटर्नी जनरल सर विल्यम जोविट उभे राहिले. प्रश्न दंडाच्या रकमेचा नव्हता. लंडीवर देशाचा कायदा चालत नाही हे एकदा मान्य झाले असते, तर ती पळवाट केवळ नाण्यांपुरती मर्यादित राहिली नसती. न्यायालयाने अपील फेटाळले आणि लंडी हा इंग्लंडच्या न्यायकक्षेतीलच भाग असल्याचे स्पष्ट झाले. त्यानंतर नाणी व्यवहारातून काढून घेण्यात आली. तिकिटांवर मात्र बंदी आली नाही, कारण टपालवाहतुकीच्या आकाराची पावती आणि हातोहात फिरणारे चलन यांत कायदा भेद करीत होता.

तुलना व संदर्भ

बेटाच्या मालकाने स्वतःचे चलन काढल्याचे लंडी हे एकमेव उदाहरण नाही. हिंदी महासागरातील कोकोस बेटांवर क्लुनीस-रॉस घराण्याने नारळाच्या मळ्यांतील मजुरांसाठी प्रथम मेंढीच्या कातडीवरील चिठ्ठ्या व नंतर १९१३ मध्ये प्लॅस्टिकची टोकने काढली. मात्र दोन्हींत महत्त्वाचा फरक आहे. कोकोसवरील मजुरांना वेतनच या टोकनांत मिळे आणि ती मळ्याच्या दुकानातच चालत. त्यामुळे मजूर मालकाला बांधलेला राही. लंडीवर ब्रिटिश नाणी सर्वत्र उपलब्ध होती आणि पफिन घेण्याची सक्ती कोणावर नव्हती. एकाच स्वरूपाचे चलन एका ठिकाणी अंकित करणारे साधन ठरले, तर दुसऱ्या ठिकाणी मालकाची हौस आणि स्वायत्ततेची खूण.

महाराष्ट्राच्या इतिहासात नाणी पाडण्याचे काम खाजगी हातांत असणे ही अपवादाची बाब नव्हती. पेशवाईत सोनार व सावकारांना टांकसाळ चालवण्याच्या सनदा दिल्या जात. ते सरकारात ठरावीक रक्कम भरत आणि धातूचा कस राखण्याची हमी देत. कस बिघडला तर टांकसाळ बंद होई. वेगवेगळ्या टांकसाळींच्या नाण्यांचा दर ठरवून देणारे सराफ ही त्या व्यवस्थेची गरज होती. म्हणजे नाणे कोणीही पाडले तरी त्यामागील अधिकार राज्याच्या सनदेतून येत असे. हारमन यांच्याकडे नेमकी हीच सनद नव्हती. ब्रिटिश अमदानीत भारतातही १८८९ च्या धातू टोकन कायद्याने पैसा म्हणून वापरण्यासाठी धातूचे तुकडे बनवण्यास मनाई करण्यात आली. हा कायदा २०११ च्या नाणे कायद्याने निरसित होऊन त्याचा आशय नव्या कायद्यात आला.

धातूला आकार देणे आणि धातूला चलन बनवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर चांदीला हवे ते रूप देतात आणि त्या वस्तूची किंमत तिच्या वजनावर, कसावर व घडणावळीवर ठरते. चलनाचे तसे नसते. काशाच्या पफिनमधील धातूची किंमत पेनीहून कमी होती. उरलेले मूल्य हे ते परत स्वीकारले जाईल या वचनाचे होते. हे वचन देण्याचा अधिकार खाजगी व्यक्तीला आहे का, हाच हारमन खटल्याचा गाभा होता.

आर्थिक पतन

अपिलाचा निकाल लागला त्याच वर्षी, १९३१ मध्ये, हारमन यांच्या पत्नीचे निधन झाले. जागतिक मंदीत त्यांचे उद्योगही कोसळत होते. १९३२ मध्ये ते दिवाळखोर ठरले. १९३३ मध्ये चोसेन कॉर्पोरेशनच्या व्यवहारांतील फसवणुकीच्या कटाबद्दल ते दोषी ठरले आणि त्यांना अठरा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. नाण्यांचा खटला आणि हा खटला यांचा परस्परांशी संबंध नव्हता. पहिल्यात लोकांची सहानुभूती काही अंशी त्यांच्या बाजूने होती. दुसऱ्यात भागधारकांचे पैसे गुंतलेले होते. लंडी बेट मात्र कुटुंबाच्या विश्वस्त निधीत असल्याने धनकोंच्या हाती गेले नाही. शिक्षा भोगून आल्यानंतर हारमन पुन्हा बेटाच्या कामात लक्ष घालू लागले.

निसर्गाविषयीची आस्था

बेटाचे आधुनिकीकरण करण्याऐवजी त्याचे एकाकीपण जपण्याकडे हारमन यांचा कल होता. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी तेथे सिका हरणे आणि न्यू फॉरेस्ट जातीच्या घोड्या आणल्या. त्यांच्यापासून पुढे लंडी पोनी ही स्वतंत्र जात विकसित झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोए जातीच्या मेंढ्या आणण्यात आल्या. यांतील काही प्राण्यांचे वंशज आजही बेटावर आहेत. १९४६ मध्ये एक्सेटर येथील प्राध्यापक लेस्ली हार्वे यांच्या पुढाकाराने लंडी फील्ड सोसायटी स्थापन झाली, तेव्हा हारमन यांनी तिला आर्थिक साहाय्य केले आणि पक्षिनिरीक्षणासाठी जुने दीपगृह वापरू दिले. बेटावरील पक्षी, वनस्पती आणि पुरावशेष यांच्या पद्धतशीर नोंदींना तेव्हापासून चालना मिळाली.

जॉन हारमन आणि कोहिमा

ज्येष्ठ पुत्र जॉन पेनिंग्टन हारमन यांचा जन्म २० जुलै १९१४ रोजी झाला. बेटावर वाढलेले जॉन युद्धकाळात क्वीन्स ओन रॉयल वेस्ट केंट रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीत लान्स कॉर्पोरल होते. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्याने ब्रह्मदेशातून मणिपूर व नागा टेकड्यांवर चढाई केली. २२ ते २६ मार्च या काळात संगशाक येथे भारतीय छत्रीधारी ब्रिगेडसह पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या पलटणीने जपानी फौजेला अडवून धरले. या विलंबामुळे कोहिमाची शिबंदी उभी करण्यास मोलाचे दिवस मिळाले. वेस्ट केंट पलटण कोहिमात पोहोचताच वेढा पडला आणि सुमारे अडीच हजार माणसे, ज्यांत बिनलढाऊ मोठ्या संख्येने होते, एका जपानी डिव्हिजनपुढे उभी ठाकली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जपान्यांनी जॉन यांच्या ठाण्यापासून पन्नास यार्डांच्या आत मशीनगन बसवली. जॉन एकटे पुढे गेले, जवळून हातबॉम्ब टाकून त्यांनी ते ठाणे निकामी केले आणि तेथील मशीनगन परत आणली. ९ एप्रिल रोजी त्यांनी संगीन लावून खंदकातील शत्रूंवर एकट्याने हल्ला केला व त्यातील पाचही सैनिकांना ठार केले. परत येताना गोळ्या लागून त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. कोहिमा येथील युद्धस्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. लंडीवर जॉन यांना प्रिय असलेल्या दगडाच्या खाणीत त्यांचे स्मारक उभारण्यात आले. ज्या राज्याच्या अधिकाराला वडिलांनी न्यायालयात आव्हान दिले, त्याच राज्याचा सर्वोच्च शौर्यसन्मान पुत्राच्या नावे झाला.

निधन व वारसा

हारमन यांचे निधन ५ डिसेंबर १९५४ रोजी झाले. बेटाची मालकी अपत्यांकडे आली आणि ॲल्बियन हारमन यांनी कारभार पाहिला. १९६५ मध्ये हारमन कुटुंबाच्या मालकीला चाळीस वर्षे झाल्यानिमित्त पफिन व अर्ध्या पफिनचा स्मारक संच काढण्यात आला. त्यात सोन्याची नाणीही होती. हा संच व्यवहारासाठी नसून संग्रहासाठी होता. १९६८ मध्ये ॲल्बियन यांचे निधन झाले. पुढील वर्षी उद्योगपती जॅक हेवर्ड यांनी दिलेल्या १,५०,००० पौंडांच्या देणगीतून नॅशनल ट्रस्टने बेट विकत घेतले आणि व्यवस्थापनासाठी ते लँडमार्क ट्रस्टकडे सोपवले.

लंडीची टपाल तिकिटे आजही निघतात आणि त्यांचे मूल्य पफिनमध्येच छापले जाते. १९७१ मध्ये ब्रिटनने दशमान चलन स्वीकारल्यावर एक पफिन हा एका नव्या पेनीबरोबर झाला. १९२९ ची नाणी नाणेसंग्राहकांच्या बाजारात त्यांच्या मूळ दर्शनी मूल्याच्या कित्येक पटीने विकली जातात. १९८६ मध्ये लंडीभोवतालचा समुद्र ब्रिटनचे पहिले वैधानिक सागरी संरक्षित क्षेत्र ठरला. बेटाला नाव देणारा पफिन पक्षी उंदरांच्या उपद्रवामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथून जवळजवळ नाहीसा झाला होता. २००२ ते २००४ या काळात उंदरांचे निर्मूलन करण्यात आले. त्यानंतर त्याची संख्या वाढत जाऊन हजाराच्या पुढे गेली आहे.